दुकानात चालतं, बंगल्यावर बंद पडतं

मशीन बंद पडतं यात नवल न्हाई. चांगला धडधाकट माणूस बंद पडतो, तितं मशीनचं काय घेऊन बसायचं. पण बंद पडायची बी एक रीत असती. चालूच व्हायचं नसंल तर होऊ नये, आन् एकदा चालू झालं तर निमूट चालावं. आमच्या लॉन कापायच्या मशीननं दसऱ्यापास्नं जो तमाशा मांडला, तो या दोन्हीत बसत नव्हता. दुकानात नेलं की एका दोरीत चालू व्हायचं आन् खोंडासारखं उधळायचं. बंगल्यावर आणलं की दोन पट्टे कापायचं, बुकबुक करायचं आन् गप. पेट्रोल हाय, प्लग हाय, पातं फिरतंय, मग मरतंय कशानं? इचार करून करून माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

मी रखमाजी. गाव परंदवडी, पण आता लोणावळ्यात वलवणच्या अंगाला अनघाताईंच्या बंगल्यावर माळी हाय. बंगल्याच्या मागं एक खोली हाय, तितं मी आन् आमची शालू राहतो. शालू बंगल्यातला सैपाक-झाडलोट बघती, मी बाग बघतो. बागेत बाकी काय बी असू दे, पुढचं लॉन म्हंजे माझा जीव. मी आलो तवा तितं नुसता मुरूम व्हता. दगड येचले, माती आणली, गवताची मुळी न् मुळी हातानं टोचली. शालू बरोबर व्हती, पाण्याची झारी घेऊन. आमाला मूलबाळ न्हाई. शालू थट्टेनं म्हणायची, लोकं पोरांचे केस कापायला नेतात, आमचे हे गवताचे कापतात.

अनघाताई पुण्याला असतात, सुट्टीला येतात. बोलायला गोड, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. दसऱ्याच्या आधी त्यांनी सांगितलं की लेकीचा, सृष्टीचा, साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर हितंच लॉनवर करायचाय. पुढं मशीनच्या तक्रारी त्यांच्या कानावर जायला लागल्या, तसं फोनवर म्हणल्या की रखमाजी, साखरपुड्यापुरतं काय ते बघा, जमत नसंल तर नंतर प्लास्टिकचं गवत टाकून घेऊ, मोजमाप घ्यायला माणूस साखरपुड्यानंतरच्या सोमवारी यायला तयार हाय.

प्लास्टिकचं गवत काय असतं ते मला ठावं हाय. शेजारच्या बंगल्यावर टाकलंय. तितला वॉचमन बजरंग रोज सकाळी त्याला खराट्यानं झाडतो, आन् कुंपणावरनं मला डिवचतो की आबा, आमच्या गवताला पाणी नको, खत नको, मशीन नको, माळी बी नको. हसत हसत म्हणतो, पण खोटं न्हाई म्हणत. लॉन गेलं की माळी गेला, माळी गेला की खोली गेली. मग आमी म्हातारा-म्हातारी परंदवडीला भावाच्या दारात. भाऊ वाईट न्हाई. पण या वयात दुसऱ्याच्या घरात चहा मागून प्यायचा, मला ते नको व्हतं. शालूला तर त्याहून नको व्हतं.

आता मूळ कुटनं सुरू झालं ते सांगतो. खंडेनवमीला आमी समदी अवजारं धुऊन मांडतो. कोयता, इळा, पहार, कुदळ, आन् मधी हे लाल मशीन. हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, नारळ फोडायचा. माझा बाप नांगराला नवा फाळ बसवला तरी कुंकू लावल्याबिगर तास धरायचा न्हाई. तीच रीत मी मशीनला लावली. नवा पार्ट बसला की मशीन नवं, आन् नव्याची पूजा केल्याबिगर दोरी ओढायची न्हाई. हा माझा नेम. पूजा करायचं काम शालूचं.

त्या दिवशी मीच तिला म्हणालतो, की पाण्यात कालवलेलं कुंकू दहिवरानं उडून जातं, सकाळपर्यंत देवाचं नाव बी राहत न्हाई, तवा खोबरेलात कालीव. तिनं कालवलं. चांगलं घट्ट, लोण्यावानी. लावलं. दुसऱ्या दिवशी दसरा, मशीन बाहेर काढलं न्हाई. तिसऱ्या दिवशी दोरी ओढली, मशीन चालू झालं, आन् दोन पट्टे कापून मेलं.

मला वाटलं पेट्रोल संपलं. झाकण उघडून बघितलं तर टाकी निम्मी भरलेली. झाकण लावलं, दोरी ओढली, झालं चालू. परत दोन पट्टे, परत बुकबुक. परत झाकण उघडलं, पेट्रोल तेवढंच. परत चालू. असं करत करत मी निम्मं लॉन कापलं आन् माझा खांदा निखळायची पाळी आली. मशीन मेलंय म्हणावं तर दोरीला उठतंय, जितं म्हणावं तर चालत न्हाई. असलं सोंग मी जन्मात बघितलं नव्हतं.

बाजारात सनीचं दुकान हाय. जनरेटर, फवारणीचे पंप, गवताची मशीनं, समदं दुरुस्त करतो. पोरगा तोंडाळ पण हाताचा साफ. त्याची एक सवय हाय, कामाला हात लावायच्या आधी मशीन पेट्रोलच्या फडक्यानं लख्ख पुसणार, हवेच्या नळीनं फूफू करून सांदीकोपऱ्यातला कचरा उडवणार, आन् मगच पाना धरणार. त्यानं जुना प्लग काढून मला दाखवला. काळा ठिक्कर. नवा बसवला, दोरी ओढली. मशीन जे चालू झालं ते आमी दोघांनी चहा पिऊन ग्लास खाली ठेवले तरी चालूच. मी खूश. टेम्पोत घालून बंगल्यावर आणलं. नवा पार्ट म्हंजे पूजा. शालू ताट घेऊन आली, कुंकू लावलं, गुळाचा खडा ठेवला. मी दोरी ओढली.

दोन पट्टे, आन् गप.

मग हवेचा फिल्टर झाला. मग पेट्रोलची नळी झाली. दर खेपेला तेच. दुकानात मशीन गाणं म्हणतंय, बंगल्यावर आणलं की दातखीळ. मला कळंना की दोष मशीनचा, सनीचा का जागेचा. एक दिवस वाटलं आपल्या पंपावरचं पेट्रोल भेसळीचं हाय, तर देहूरोडला पाव्हण्याकडं गेलतो तवा तिकडनं पेट्रोल आणलं. तरी तेच. एक दिवस वाटलं बजरंग्या रातच्याला येऊन टाकीत साखर टाकतोय. टाकी सांडून बघितली, निर्मळ. शालूनं हँडलला लिंबू-मिरची बांधली. मशीन लिंबू-मिरचीसकट बंद पडलं.

शेवटी सनीला म्हणलं, बाबा तूच चल, तुझ्या डोळ्यांनी बघ. तो आला. आल्या आल्या त्यानं पयलं काय केलं, तर झाकण उघडून पेट्रोल बघितलं. लावलं झाकण, ओढली दोरी, आन् मशीन चालू. एक पट्टा कापला, दुसरा कापला. मी बोट दाखवून म्हणतोय, आता मरंल, आता मरंल, तेवढ्यात त्याला गिऱ्हाईकाचा फोन आला, त्यानं बटण दाबून मशीन बंद केलं आन् म्हणला, चालतंय की काका. गेला निघून. तो फाटकाबाहेर पडला, मी दोरी ओढली, आन् मशीन तिसऱ्या पट्ट्याला गेलं ते गेलंच. मी फाटकाकडं बघतोय, मशीनकडं बघतोय. डॉक्टर आला की पोटदुखी थांबती, तसला परकार. मला वाटलं आपल्यालाच येड लागलंय.

कुंकवाचं कुणाच्या ध्यानात कसं आलं न्हाई, असं तुमी म्हणाल. आवो, आमच्या मावळात कुंकू नसलेलं मशीन दाखवा. सनीच्या दुकानात येणाऱ्या दर मशीनवर कुंकू असतं, त्याच्या हवेच्या पंपावर बी हाय. ते पुसून टाकायचं आन् कामाला लागायचं, त्यात बघायचं काय?

राहता राहिला कार्बोरेटर. तो नवा घातल्यावर तरी आता काय कुरकुर न्हाई, असं सनी छातीवर हात ठेवून म्हणला. घातला. दुकानात चाललं. बंगल्यावर पूजा झाली, आन् मेलं. आता मात्र माझं टाळकं सणकलं. तसाच दुकानावर गेलो आन् चार गिऱ्हाईकांसमोर त्याला नको नको ते बोललो. नवं म्हणून जुनंच घालतोस, म्हाताऱ्या माणसाला फिरवतोस. सनी एरवी एका शब्दाला दोन देणारा, पण त्या दिवशी त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणला, "काका, माझ्याकडं चालतंय आन् तुमच्याकडं बंद पडतंय. यात माझी काय चूक, तेवढं सांगा." मला सांगता येईना. म्हणून मी आणखी ओरडलो.

रागाचं एक वाईट असतं, तो दुकानात सोडून येता येत न्हाई. घरी आलो, जेवायला बसलो, तर भातात खडा. एक न्हाई, दोन. दाढंत कचकन लागला. अलीकडं असं व्हायला लागलं व्हतं. कधी भातात खडा, कधी आमटी दोनदा खारट, कधी शर्टाचं बटण भलत्याच काजाला शिवलेलं. मी ताट सरकवलं आन् म्हणालो, "डोळं हायेत का खोबणीत? का कुटं गहाण टाकलेत?"  एरवी शालूची जीभ माझ्याहून धारदार. पण उठली, ताट उचललं आन् आत गेली. मी मनात म्हणलं, चूक हाय म्हणून गप हाय.

साखरपुडा रविवारी, आन् शनवार उजाडला तरी लॉन वाढलेलंच. नुसतं वाढलं असतं तरी ठीक. निम्मं कापलेलं, निम्मं तसंच, मधी मधी मशीन मेलं तितं भादरल्यागत गोल. इळ्यानं कापायला जावं तर खालीवर व्हतं, भाड्यानं मशीन आणावं तर लग्नाच्या हंगामात एकबी मोकळं न्हाई. बजरंग कुंपणावर हात ठेवून बघत व्हता. मी त्याच्याकडं बघितलं न्हाई. संध्याकाळी अनघाताई येणार, बघणार, आन् सोमवारी तो मोजपट्टीवाला येणार. 

शालूला हाक मारली. म्हणलं एक शेवटची पूजा कर, मनापास्नं कर. ती ताट घेऊन आली. सकाळची थंडी अशी की वाटीतलं खोबरेलाचं कुंकू गोठून मेणासारखं झालेलं. तिनं मशीनवरनं हात फिरवला, झाकणावर आणून थांबवला आन् बोटभर कुंकू त्याच्यावर दाबून दाबून बसवलं. जितकं मशीन बिघडत गेलं, तितकं तिचं कुंकू जाड होत गेलतं. त्याच्यावर तिनं गूळ-खोबरं चिकटवलं आन् हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मी दोरी ओढली. दोन पट्टे झाले. मग काय झालं ते सांगायला नको.

मी सवयीनं झाकण उघडलं, पेट्रोल बघितलं. गूळ-खोबऱ्यासकट झाकण बाजूच्या कट्ट्यावर ठेवलं आन् डोक्याला हात लावून खाली बसलो. तेवढ्यात जांभळीवरनं एक वांदर उतरलं. हितली वांदरं म्हंजे माणसाला भीक न घालणारी. ते कट्ट्यावर आलं, शालूच्या हाताच्या अंतरावर, आन् झाकण उचललं. शालू तितंच ताट धरून उभी. हाट न्हाई, हूट न्हाई. मी बोंबललो तवा ती दचकली आन् भलतीकडंच बघायला लागली. वांदर झाकण घेऊन झाडावर.

"नाकासमोरनं नेलं की गं तुझ्या!" मी म्हणलं. ती म्हणली, ध्यान नव्हतं. माझ्या तोंडात पाच-सहा शिव्या आल्या, पण त्यातली वांदराला कुठली द्यायची आन् बायकोला कुठली, ते ठरंना, म्हणून गिळल्या.

आता बिनझाकणाची टाकी. मशीन हललं की पेट्रोल सांडणार. शालूच्या जुन्या पातळाचं फडकं चौघडी करून टाकीच्या तोंडावर ठेवलं, वरनं सुतळी आवळली, आन् एक बाजू निसटत व्हती तिला शालूकडं पिन मागितली. तिनं बांगडीतली पिन काढून दिली, ती बी तीनदा चाचपून. पेट्रोलशी असला खेळ करू नये, हे मलाबी कळतं. तुमी करू नका. पण बुडत्याला काय सुचतं? दोरी ओढली.

मशीन चालू झालं. एक पट्टा. दोन पट्टे. मी दात आवळून धरले, आता मरंल म्हणून. तिसरा पट्टा झाला. चौथ्याला मी स्वतःच थांबलो आन् वाकून आवाज ऐकला. दुकानात जसा, तसाच. मला आनंद व्हायला पायजे व्हता, पण मी जास्तच चक्रावलो. नवा प्लग, नवा फिल्टर, नवा कार्बोरेटर घातला तवा मशीन मेलं, आन् झाकण चोरीला गेलं तवा ते जगलं? हे कुठलं शास्त्र? पण इचार करायला येळ नव्हता. मी ढकलत राहिलो. आख्खं लॉन झालं, कडा झाल्या, आन् मशीन मी बटण दाबलं तवाच बंद झालं. बजरंग कुंपणावरनं केव्हाच गेलता.

घाम पुसत जांभळीखाली गेलो तर झाकण खाली पडलेलं. गूळ-खोबरं खाऊन वांदरानं फेकून दिलतं. उचललं, उलटंपालटं केलं. मधोमध, कुंकवाच्या थराखाली, बारीक खड्डा दिसला. फडक्याची पिन काढून टोचली, तर कुंकवाची लाल घट्ट वात सरळ बाहेर आली आन् पलीकडनं उजेड दिसला. सुईच्या टोकाएवढं भोक. मी त्याला तोंड लावून फुंकलं. पेट्रोलचा आन् खोबरेलाचा वास नाकात गेला, आन् डोक्यात समदा उजेड पडला.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळतं, दुसरं पाडलं की धार लागती. हे शालूच्या सैपाकघरात मी किती येळा बघितलंय. टाकीचं बी तेच. वरनं हवा शिरली तर पेट्रोल खाली उतरणार. आमी त्या हवेच्या भोकाला कुंकवाचं बूच मारत व्हतो. मी झाकण उघडलं की हवा जायची आन् मशीन जगायचं. सनी पुसून, हवा मारून भोक मोकळं करायचा आन् मशीन जगायचं. बंगल्यावर आणून आमी पूजा करायचो आन् मशीनचा गळा दाबायचो. रोग रेड्याला आन् औषध पखालीला म्हणतात, ते हेच. तितंच उभा राहून मी सनीला फोन लावला आन् सांगितलं. तो इतका हसला की फोन कानापास्नं लांब धरावा लागला. माफी मागितली तर म्हणला, काका, चहा पाजा.

आता उरला शालूवरचा राग. बारा महिने तेरा काळ ती मशीनच्या पुढच्या पत्र्यावर कुंकू लावायची. तितं तांबडा डागच पडलाय. मग याच साली झाकण कुटनं सुचलं? मी झाकण मुठीत धरून सैपाकघरात गेलो. ती उंबऱ्याशी उजेडाला बसून मेथी निवडत व्हती.

"कुंकू झाकणावर कशापायी लावलंस गं?" मी म्हणलं. "पयलं तर पत्र्यावर लावायचीस."

तिचा हात थांबला न्हाई. "झाकण हाताला लागतं. गोल हाय, उंच हाय. पत्र्यावर कुटं लावलं ते मला कळत न्हाई."

"कळत न्हाई म्हंजे?"

"दिसत न्हाई नीट. पावसाळ्यापास्नं. धुकं धरल्यावानी हाय समदं."

 झाकण मुठीत रुतत व्हतं. भातातले खडे, भलत्या काजाचं बटण, हाताच्या अंतरावरचं वांदर, तीनदा चाचपलेली पिन. समदं एका माळेत डोळ्यासमोरनं गेलं. अगं, मग सांगितलं का न्हाईस, असं मला हळू इचारायचं व्हतं, पण आवाज चढला तो चढला. ती मान वर न करता म्हणली, "तुमचं मशीनचं चाललं व्हतं की. लॉन जातंय, खोली जाती, तुमाला जेवण गोड लागंना. त्यात बाईंना कळलं, सैपाकाची बाई आंधळी झाली, तर दोघांनाबी निरोप. म्हणलं साखरपुडा तेवढा हुंदे."

मी तिच्याजवळ खाली बसलो. मला माझी लाज वाटली, अशी की जमीन दुभंगावी. दसऱ्यापास्नं मी त्या लाल डबड्याचा पार्ट न् पार्ट उघडून बघितला, आन् रोज समोर बसून ताट वाढणाऱ्या माणसाच्या डोळ्यात एकदा बी बघितलं न्हाई. आता बघितलं. काळ्या बुबुळावर दुधाची साय धरल्यागत काहीतरी आलतं. डोळं गहाण टाकलेत का म्हणालतो मी. ते शब्द परत गिळता आले असते तर गिळले असते. मी तिच्या पुढ्यातली मेथी निवडायला लागलो. तिनं निवडलेल्या ढिगात गवताच्या काड्या व्हत्या, त्या गपचीप काढल्या.

रविवारी पाहुणे यायच्या आधी लॉनच्या कडंला एक हात फिरवायचा व्हता. शालू दर खेपेसारखी ताट घेऊन आली. भोकाचं समदं मी तिला सांगितलं व्हतं, तरी बी आली; मशीन नव्यानं जगलंय, तवा नेम म्हंजे नेम. मी मशीनच्या आडवा उभा राहिलो.

"मशीनला नको," मी म्हणलं. "मला लाव."

"तुमी काय मशीन हाय व्हय?"

"दसऱ्यापास्नं मीच बंद पडलोय. लाव."

ती हसली. तिचा हात वर आला, आधी नाकाला लागला, मग गालाला, आन् मग अंगठा डाव्या भुवईच्या वर टेकला. तितं तिनं कुंकू दाबून लावलं, झाकणावर लावायची तसंच, खोबरेलातलं. नीट लागलं का, तिनं इचारलं. मी म्हणलं, मधोमध.

साखरपुडा झाला. लॉनवर माणसं हिंडली, पोरं लोळली. बजरंग कुंपणावरनं बघून गेला. माझ्याकडं बघून जो तो गालात हसत व्हता, कारण कुंकवाचा ओघळ आता भुवईपर्यंत आलता. मी पुसला न्हाई. जेवणं उरकल्यावर अनघाताई चपला काढून गवतावरनं चालत माझ्याकडं आल्या. लॉन सुरेख झालंय म्हणल्या. मागं शालू ताटात पाण्याचे ग्लास घेऊन उभी.

"पण रखमाजी, कुंकू तिरकं लागलंय तुमचं," त्या म्हणल्या. "पुसून नीट लावा की, फोटोत येताय."

मशीन चाललं व्हतं, लॉन झालं व्हतं. गप राहिलो असतो तर खोली बी राहिली असती. पण मला गप राहवंना.

"राहू द्या ताई. जिनं लावलंय तिला दिसत न्हाई," मी म्हणलं. "पावसाळ्यापास्नं दिसत न्हाई. सोमवारी तिला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचीय. दोघांनाबी सुट्टी पायजे."

  अनघाताईंनी पुढं होऊन ताट शालूच्या हातातनं काढून घेतलं.

"सोमवारी तो प्लास्टिकच्या गवताचा माणूस यायचाय, त्याला नको म्हणून कळवते," त्या म्हणल्या. "तुम्ही दोघं जाऊन या. सांगायचंत ना शालूबाई." आन् ते ताट स्वतः घेऊन पाहुण्यांत गेल्या.

त्या लांब गेल्यावर शालूनं माझा दंड धरला. मला वाटलं, आता ही रडती.

"तिरकं लागलं व्हतं तर सकाळीच सांगायचं न्हाई व्हय?" ती दात आवळून म्हणली. "चार माणसांत हसं केलंत माझं."

आन् पदराचं टोक जिभेला लावून माझं कपाळ पुसायला लागली. पुसत व्हती उजव्या भुवईवर. मी डोकं जरा फिरवलं आन् डावी भुवई तिच्या पदराखाली आणली.